बारा सेकंदांची पकड

"पडली," बाबा म्हणाले.

टीव्हीवरची पिवळ्या जाकिटातली पोरगी कड्यावरून सुटली, हवेत दोनदा गरगरली आणि खालच्या गवताळ कंगोऱ्यावर येऊन आदळली. मग गुडघे झटकून उभी राहिली आणि पुन्हा वर बघू लागली.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"सात," गफूरचाचा मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले.

"साडेसात असन."

"साडे काही नाई. काटा सातावर होता, भाऊ."

"तुह्यं घड्याळच मागं आहे."

"हाव, मागं आहे. तुमच्या सासऱ्यानं थोडीच देल्लं मले, तुमच्या मनासारखं चालाले?"

आतून आईचा आवाज आला, "माह्या बापाले मधात आणाचं काम नाई."

बाबा हसले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं खिशातली छोटी डायरी काढली, मांडीवर ठेवली आणि वेड्यावाकड्या अक्षरात ७ लिहिलं. तारीख आधीच घातलेली होती. त्या तारखेपुढे त्या सकाळचे एकोणीस आकडे होते. एकही सातापेक्षा मोठा नव्हता.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. फेब्रुवारीतला शनिवार होता. मी नागपूरला रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होते, अजूनही तिथेच आहे. दर शनिवारी सकाळच्या बसनं आर्वीला यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत जायचं, असं दिवाळीपासून चाललं होतं.

माझे वडील, वसंत निखाडे, चौतीस वर्षं वायरमन होते. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, डीपीच्या पेटीतला फॉल्ट शोधायचा. त्यातली बावीस वर्षं गफूरचाचा त्यांचे हेल्पर होते. खांबावर बाबा असत आणि खाली चाचा. दोघं चार महिन्यांच्या अंतरानं निवृत्त झाले, तरी चाचा रोज सकाळी ड्यूटीवर आल्यासारखे आमच्या घरी येत. दिवाळीनंतरच्या आठवड्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, पाय दोन महिन्यांत आला. हात मागे राहिला. बोटं वळायला लागली होती, पण त्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. हातात कप धरला आहे की सुटला आहे हे बाबांना फुटल्याचा आवाज आल्यावर समजायचं.

फिजिओथेरपीच्या उगले मॅडमनी दाबायला रबरी बॉल दिला होता. बाबांनी तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. "मी काय लहान पोट्टं आहो का, बॉल दाबत बसाले?" मग मी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे धूळ खात पडलेलं गेमचं यंत्र मागून आणलं. बोटांना व्यायाम होईल, एवढाच माझा हिशेब. गेम तिनंच सुचवला होता. मी तो कधी खेळले नव्हते.

त्या खेळात बंदूक नव्हती, दुश्मन नव्हते, गाडी पळवायची नव्हती. एक पोरगी आणि एक डोंगर. डाव्या अंगठ्यानं तिला हलवायचं. रिमोटच्या मागच्या बाजूला एक बटण होतं, ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं दाबून धरायचं. बोट दाबलेलं असेल तोवर पोरीची पकड टिकणार. बोट सैल झालं की पोरगी खाली. डोंगरावर सहा कंगोरे होते, सहावा म्हणजे शेंडा. एका कंगोऱ्यावरून दुसऱ्यावर एका दमात पोचायचं, मधे थांबता येत नाही. पडलं तर मागच्या कंगोऱ्यावरून पुन्हा सुरुवात. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे एक दगड छज्ज्यासारखा बाहेर आलेला होता. तिथे तिला एका हातानं लोंबकळत पलीकडे जावं लागायचं. त्याला बारा सेकंद लागत. बारा सेकंद बोट जराही सैल पडून चालत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात बाबा म्हणाले, "हे पोट्ट्यायचे खेळ आहेत." दुसऱ्या शनिवारी मी आले तर टीव्हीसमोर खुर्ची कायमची मांडलेली होती आणि आई कणीक मळता मळता करवादत होती.

"माही सिरियल गेली. माहा नवरा गेला. दिवसभर ती पिवळी अन् हे. सवत आणून देल्ली व तू माह्या उरावर!"

"पण हात चालतो आहे ना आई?"

"हात चालते, पण तोंड बंद झालं. आधी निदान भांडत तरी होते."

पिवळी हे नाव तिनंच ठेवलं आणि तेच राहिलं.

बाबा चौथ्या कंगोऱ्यापर्यंत तीन आठवड्यांत पोचले. किती वेळा पडले याची नोंद डायरीत आहे. मी ती नंतर मोजली, सहाशे बारा वेळा. पडल्यावर ते चिडत नव्हते. 'पडली' म्हणायचे, आकडा लिहायचे आणि पुन्हा सुरू करायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, कंटाळा नाही येत? पुन्हा पुन्हा तेच."

"कंटाळा कायचा? उगले मॅडम रोज येते अन् म्हणते, काका, छान, खूप सुधारणा आहे. काय सुधारणा आहे? तिले काय माहीत? तिचं कामच आहे छान म्हनाचं. तुही माय म्हणते, तुमी बरे दिसून राह्यले. गफूर म्हणते, भाऊ, एक नंबर." त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "हे असं बोलत नाई. माह्या बोटाले कळत नाई धरलं का सुटलं. मी पिवळीकडे पाहतो. ती लटकली असन तर धरलं. पडली तर सुटलं. हा माहा टेस्टर आहे."

"टेस्टर?"

"अबे, सांग तिले," बाबा चाचांना म्हणाले.

"खांबावर चढल्यावर खालून कोणीही ओरडलं, लाइन बंद आहे, तरी तार धराची नाई," चाचा म्हणाले. "साहेबानं सांगतलं तरी नाई. म्या सांगतलं तरी नाई. आपल्या हातानं टेस्टर लावाचा, मंग धराची. भाऊनं बावीस वर्षांत एकदाही माह्यावर इस्वास नाई ठेवला."

"म्हणून जिवंत आहो."

"हाव, तेबी खरं आहे."

पुढच्या शनिवारी आकडा नऊवर होता. बाबांनी मला दारातच डायरी दाखवली. मी म्हटलं, "वा, नऊ! नऊ खूप झाले बाबा."

"नऊ म्हणजे पडली," ते म्हणाले. "बारा पाहिजे."

मला वाटलं ते खेळाबद्दल बोलताहेत.

मग नऊ हलेना. एक आठवडा नऊ. दुसरा आठवडा नऊ, आठ, आठ, सात, एकदा सहा. मार्च लागला होता. त्या रविवारी सकाळी बाबा खेळायला बसले, चार वेळा पडले आणि रिमोट खाली ठेवून आतल्या खोलीत जाऊन पडले. डायरीत काही लिहिलं नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक नाही.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तीन दिवस झाले, असंच चाललं आहे. अर्धी पोळी खाते अन् उठते. काल म्हणाले, हा हात मेला, मले उगाच आशा लागली होती. असं कधी बोलले होते का हे? नोकरीत पाय मोडला होता तवाबी नाई बोलले."

"उगले मॅडम काय म्हणाल्या?"

"ती काय म्हनन? छान म्हणाली." आईनं डोळे पुसले. "तिकडे टाकीचा बॉल खराब झाला, महिनाभर पाणी वाहून राह्यलं. शेजारच्या पोट्ट्याले म्हटलं, चढ रे बापू, पाह्य जरा. तर याइनं त्याले हाकलून देल्लं. म्हणे, माह्या घरची टाकी माह्या हातानं नीट होईन. काही कर व तू. तूच आणलं न ते यंत्र? मंग तूच पाह्य."

दुपारी दोनला बाबांना झोप लागली. आई पलीकडे भाजी आणायला गेली. मी यंत्र सुरू केलं.

सेटिंगमध्ये गेलं की खेळाच्या कठीणपणाचे तीन प्रकार दिसत. बाबांचा मधला होता, यंत्रानं आपोआप ठेवलेला. तिसऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्यांना हाताचा त्रास आहे त्यांनी हा निवडावा. यात पकड सुटणार नाही. ते वाचून मला बरं वाटलं. खेळ बनवणाऱ्यांनीच ही सोय ठेवली होती, बाबांसारख्यांसाठीच ठेवली होती. मी ती निवडली. 'नक्की?' असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. मग यंत्र बंद केलं आणि बॅग भरायला घेतली.

लॅबमध्ये मी तोवर अकरा वर्षं काढली होती. एका बाईनं मुलाच्या लग्नाआधी त्याच्या साखरेचा आकडा कमी लिहून मागितला होता, तिला मी दाराबाहेर काढलं होतं. त्या दुपारी माझ्या मनात हे आलंसुद्धा नाही.

चारला चाचा आले. चहा झाला. मी म्हटलं, "बाबा, मी जायच्या आधी एकदा दाखवा ना."

"काय दाखवू? पडलेली?"

"एकदाच."

ते अनिच्छेनं खुर्चीवर बसले. चौथा कंगोरा. पिवळीनं उडी मारली, छज्ज्याची कड धरली. चाचा मोजू लागले. पाच, सहा, सात. आठ. नऊ. बाबांचा डावा अंगठा हलत होता, डोळे पडद्यावर होते. दहा म्हणताना चाचांचा आवाज बदलला. अकरा. बारा. पिवळी लोंबकळत पलीकडे सरकत होती. तेरा. चौदा म्हणताना तिनं अंग वर ओढलं आणि पाचव्या कंगोऱ्यावर उभी राहिली.

चाचा खुर्चीतून उठले. "चौदा! भाऊ, चौदा!" आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं? काय झालं?"

बाबा उजव्या हाताकडे बघत होते. बोट अजून बटणावर होतं. दाबलेलं होतं की नुसतं टेकलेलं, ते मला दिसलं नाही.

"म्या धरलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाबा. तुम्हीच धरलं."

"एकदा तर तुक्काबी असते," ते म्हणाले आणि पुन्हा चौथ्या कंगोऱ्यावर गेले. दुसऱ्यांदा तेरा सेकंद. तिसऱ्यांदा पंधरा. तीनही आकडे त्यांनी डायरीत लिहिले आणि खाली रेघ मारली. दोन रेघा मारल्या.

"चला, आता शेंड्यावर," चाचा म्हणाले. "वर काय आहे ते तरी पाहू."

"वरचं मंग. शेंडा कुठी पळून जात नाई." बाबांनी रिमोट ठेवला. "ऐकलं का व, दोन पोळ्या टाक. भूक लागली."

आईनं चार टाकल्या. त्यांनी चारही खाल्ल्या. सहाच्या बससाठी मी निघाले तेव्हा ते कोपऱ्यापर्यंत माझ्यासोबत चालत आले, किती महिन्यांनी. बसमध्ये मी ठरवलं की पुढच्या शनिवारी सेटिंग परत मधल्यावर आणायचं. तोवर त्यांना उभारी आलेली असेल.

सोमवारी सकाळी पावणेनऊला लॅबमध्ये फोन आला. चाचांचा होता. त्यांना नीट बोलता येत नव्हतं.

आमच्या घरामागे न्हाणीघराच्या स्लॅबवर टाकी आहे. भिंतीला उभी लोखंडी शिडी, चौदा पायऱ्या. टाकी अगदी कडेला, म्हणून स्लॅबवर चढावं लागत नाही. शेवटच्या पायऱ्यांवर उभं राहून एका हातानं शिडी धरायची आणि दुसऱ्यानं झाकण काढून आतला बॉल बघायचा. बाबांनी हे काम आधी जमिनीवर करून पाहिलं होतं. स्टुलावर जुनं झाकण ठेवून डाव्या हातानं उघडायचं, हात आत घालायचा, बॉलची दांडी सरळ करायची, झाकण लावायचं. चाचांनी घड्याळ लावलं होतं. बारा सेकंद.

"मले त्यायनं फेब्रुवारीतच सांगतलं होतं," चाचा वर्ध्याच्या दवाखान्यात मला म्हणाले. आम्ही ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. "म्हणे, ज्या दिवशी पिवळी बारा सेकंद धरन त्या दिवशी मी टाकीवर चढन. त्याच्या आधी नाई. कोणाले सांगू नोको, बायका उगाच घाबरतात. मी म्हटलं, ठीक आहे भाऊ. ते आधीच चढले असते न, तर म्या शिडीच धरून ठेवली असती. पण त्यायनं तीन वेळा पाह्यलं होतं. माह्यासमोर पाह्यलं होतं."

मी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"चपला काढल्या. पायऱ्या पुसून घेतल्या. मी खाली उभा राह्यलो, आधी राहायचो तसा. वर पोचले, म्हणाले, मोज. म्या मोजलं, बाई." चाचांनी घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं होतं. "आठ म्हटलं, अन् सुटले. ओरडलेबी नाई. त्यायले कळलंच नाई का हात सुटला. ते झाकणाकडे पाहत होते न."

खुबा मोडला होता. उजव्या मनगटाचा चुरा झाला होता.

तिसऱ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मी उशाशी बसले होते, चाचा पायथ्याशी. आई घरी कपडे आणायला गेली होती. दुखतं का म्हणून विचारलं तर बाबांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. ते वर पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "प्रणिता, फॉल्ट सापडत नाई."

"कसला फॉल्ट?"

"शिडी कोरडी होती. म्या पुसली होती. पायरीले गंज नव्हता. पाय हलला नाई. गफूर, पाय हलला का माहा?"

"नाई भाऊ."

"म्हणजे हातच सुटला. अन् आदल्या दिवशी त्याच हातानं चौदा, तेरा, पंधरा. तीन वेळा टेस्टर लावला म्या. तिथं धरते अन् इथं सोडते असं होत नाई. चौतीस वर्षांत असं पाह्यलं नाई."

"हात थकला असन भाऊ," चाचा म्हणाले.

"सकाळी आठ वाजता? झोपून उठल्यावर?" बाबांनी प्लास्टरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मंग हा हातच खोटारडा आहे. लकवा मारला तर मारला, तेवढं मी समजलो असतो. पण हा दाखवते एक अन् करते एक. याच्यावर आता कधी इस्वास ठेवता येणार नाई."

मला गप्प राहता आलं असतं. चाचांना काही माहीत नव्हतं, आईला नव्हतं. यंत्र मी आठवड्याभरात नागपूरला परत नेलं असतं.

"बाबा, हात खोटं नाही बोलला," मी म्हटलं. "सेटिंग मी बदललं होतं."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं. तीन प्रकार असतात, मी तिसरा लावला. त्यात बोट सुटलं तरी पिवळी सुटत नाही. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना चाचा उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"रविवारी दुपारी. तुम्ही झोपला होता."

"मंग ते चौदा?"

"चौदा नव्हते."

"किती होते मंग?"

"माहीत नाही बाबा. त्यात ते कळत नाही."

"तेरा? ते दुसरं?"

"तेही नाही."

ते हिशेब लावत होते. मी त्यांना आयुष्यभर असं पाहिलं होतं: कंदील घेऊन डीपीसमोर उभे, एकेक फ्यूज मनात तपासत.

"आधीचे नऊ खरे होते न?"

"हो. नऊ खरे होते."

"नऊ होते, मंग घसरले. त्या सकाळी सात-आठवर होता." त्यांनी डाव्या हातानं प्लास्टर हळूच थोपटलं. "अन् शिडीवर आठाले सुटला. म्हणजे हात बरोबर होता. त्याचं जे माप होतं ते त्यानं धरलं."

खिडकीपाशी चाचा रडत होते. बाबांचा चेहरा मोकळा झाला होता. फॉल्ट सापडला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. फॉल्टबद्दल त्यांनी त्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही एक शब्द काढला नाही.

पाच आठवड्यांनी त्यांना घरी आणलं. खुबा बसला, पण ते वॉकर धरूनही अंगणाच्या पलीकडे गेले नाहीत. मनगट वाकडं जुळलं. बोटं आता वळतच नव्हती. पलंग पुढच्या खोलीत भिंतीला लावून टाकला होता, समोर टीव्ही. यंत्र कपाटात होतं. मे महिन्यातल्या एका शनिवारी, कूलर घरघरत होता, बाबा म्हणाले, "ते लाव."

"काय?"

"पिवळी. आधी होतं तसं कर अन् लाव."

"कोण खेळणार बाबा?"

"तू."

मी सेटिंग मधल्यावर आणलं, त्यांना वाचून दाखवलं, आणि पहिल्यांदा तो रिमोट खेळायला हातात घेतला. पहिल्या कंगोऱ्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. अंगठा आणि बोट एकाच वेळी सांभाळायचे. एकाकडे लक्ष गेलं की दुसरं सैल पडायचं. त्या दिवशी मी चाळीसेक वेळा पडले. संध्याकाळी बोटाचं पेर सुजलं होतं.

दुसऱ्या कंगोऱ्यावर जायला मला तीन शनिवार-रविवार लागले. दोन धड हात, बोटांना स्पर्श, वय एकतीस. बाबा पलंगावरून बघत. कुठे पाय ठेवायचा, कुठे हात घालायचा, हे त्यांना दगडा-दगडानिशी पाठ होतं. एकदा चाचांना राहवलं नाही. "बाई, डावीकडून, डावी—"

"गप रे," बाबा म्हणाले. "तिले पडू दे."

ते रागानं बोलले नव्हते. मी पडले. पुन्हा उभी राहिले.

तिसरा कंगोरा जूनमध्ये आला, चौथा जुलैच्या शेवटी. त्यांनी तो तीन आठवड्यांत गाठला होता, बधिर बोटानं, पिवळीकडे बघून बघून. मला हे सांगायला कुणी लागलं नाही. छज्ज्याखाली पहिल्यांदा लोंबकळले तेव्हा चाचांनी नकळत मोजलं आणि हळूच म्हणाले, "चार." मग त्यांनी जीभ चावली. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते.

नऊपर्यंत जायला मला ऑगस्ट उजाडला. नवव्या सेकंदाला काय होतं ते तेव्हा कळलं. बोट दुखत नाही, ते आपलं राहत नाही. तिथून पुढचे तीन सेकंद मला अजून पंधरा दिवस मिळाले नाहीत.

पोळ्याच्या नंतरचा रविवार, सकाळचे अकरा. मी छज्जा ओलांडला. पिवळी पाचव्या कंगोऱ्यावर उभी राहिली आणि धापा टाकू लागली. आईनं टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले.

बाबा म्हणाले, "यापुढचं म्या पाह्यलं नाई."

त्या कंगोऱ्यावर ते तीन वेळा उभे राहिले होते. मार्चमधल्या त्या दुपारी, आम्हा सगळ्यांच्या समोर.

"आता शेंडाच राहिला बाबा," मी म्हटलं. "बघा ना. तुमच्यासाठीच चढते."

"तू जाय." ते शांतपणे म्हणाले. "तुह्यं आहे ते. माहा कंगोरा चौथा होता."

मग त्यांनी डाव्या हातानं पलंगाची कड धरली आणि भिंतीकडे वळायला लागले. खुब्यामुळे त्यांना वळायला फार वेळ लागायचा. आई मदतीला पुढे झाली, त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. आधी खांदा, मग पाठ, मग पाय. ते पूर्ण वळेपर्यंत मी थांबले. मग बटणावर बोट दाबलं.

शेंड्यावर पोचायला मला अकरा मिनिटं लागली. चाचा बघत होते, आई बघत होती. बाबा जानेवारीत गेले. मधल्या पाच महिन्यांत वर काय होतं हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.